‘सावकार कोण?’ : तारणाच्या पाश्चात्त्य उपपत्ती आणि आपला उपदेश

काही वर्षांपूर्वी उत्तम शुक्रवारी हैदराबादेतील एका मराठी कुटुंबाच्या घरी झालेल्या उपासनेत आम्ही वधस्तंभावर उपदेश केला. मांडणी नेहमीचीच होती. मनुष्य पापामुळे देवाचा कर्जदार झाला, ते कर्ज फेडण्याची त्याची ऐपत नव्हती, म्हणून देवाच्या पुत्राने आपले रक्त देऊन ते फेडले. उपासना संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आमच्यापाशी येऊन बसले. ते फार वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यातून या शहरात आले होते. वडिलांनी घेतलेल्या थोड्याशा रकमेपायी त्यांची उमेदीची वर्षे एका जमीनदाराच्या वाड्यावर सालगडी म्हणून गेली होती, हे आम्हांस ठाऊक होते. ते म्हणाले, “पाळकसाहेब, येशूनं कर्ज फेडलं म्हणता. पण फेडलं कोणाला? त्यात सावकार कोण?”

आम्ही उत्तर दिले. देवाचे नीतिमत्त्व, नियमशास्त्राची मागणी, बदली यज्ञ हे सारे त्यात आले. पाठ्यपुस्तकाच्या मापाने ते उत्तर शुद्ध होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मान डोलावली आणि उठता उठता एवढेच म्हणाले, “म्हणजे बापच सावकार.”

ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. ज्याने अर्धे आयुष्य सावकाराच्या दारात काढले, त्याच्यापुढे आम्ही स्वर्गीय पित्याला सावकाराच्या गादीवर बसवून आलो होतो, आणि तेही उत्तम शुक्रवारी. दोष त्या वृद्धाच्या समजुतीचा होता, आमच्या उपदेशाचा होता, की ज्या उपपत्तीवर तो उपदेश उभा होता तिचाच होता? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, पश्चिमेच्या थोर आचार्यांनी ‘पुत्राने पित्याचे कर्ज फेडले’ एवढेच कधी शिकविले नाही. त्यांच्या विचारातील एक दाखला तेवढा आम्ही उचलला, त्याचा संदर्भ मागे ठेवला, आणि आमच्या मराठी शब्दांनी त्यात नकळत भर घातली.

१. आपले शब्द

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘तारण’ हा शब्द आपल्या मंडळीत इतका रुळला आहे की त्याचे दोन अर्थ आहेत हे ध्यानात येत नाही. एक अर्थ पार नेण्याचा, बुडत्यास पैलतीरी पोहोचविण्याचा. संतांच्या वाणीने हा अर्थ मराठी मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजविला आहे. परंतु पतपेढीच्या पाटीवर ‘सोनेतारण कर्ज मिळेल’ असे लिहिलेले असते, तेव्हा तारण म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. उपदेशकाच्या मनात पहिला अर्थ असतो. पण त्याच उपदेशात कर्ज, मोल आणि फेड हे शब्द आले की ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ जागा होतो, आणि ख्रिस्त हा जणू कोणी गहाण टाकलेला दागिना ठरतो.

‘खंडणी’ या शब्दाचेही असेच. मार्कच्या शुभवर्तमानात मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव देण्यास आला, या वचनाच्या मराठी भाषांतरात हा शब्द आपणांस परिचित आहे. हैदराबादेच्या मराठी माणसास त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईनंतर निजामास मराठ्यांना मुलूख आणि मोठी रक्कम कबूल करावी लागली. खंडणी बळजोर घेतो आणि दुबळा देतो. आजच्या वर्तमानपत्रांत तर हा शब्द गुंडाच्या मागणीसाठीच येतो. मग वधस्तंभावर बळजोर कोण होता?

तिसरा शब्द ‘प्रायश्चित्त’. लेवीयाच्या पुस्तकात याजक लोकांसाठी प्रायश्चित्त करतो, आणि योहान आपल्या पहिल्या पत्रात ख्रिस्तासच आपल्या पापांबद्दलचे प्रायश्चित्त म्हणतो. पण आपल्या समाजात प्रायश्चित्त अपराधी स्वतः घेतो, किंवा जातपंचायत ते त्याच्याकडून घेवविते. शास्त्रात मात्र प्रायश्चित्ताची तरतूद देवच करतो. दिशाच उलटी आहे. ही गोष्ट उपदेशकाने बोलून दाखविली नाही, तर ऐकणारा आपल्या ओळखीचीच दिशा धरणार.

२. अन्सेल्मवर झालेला अन्याय

कर्जाच्या दाखल्याचे मूळ शोधू जाता आपण कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याच्यापाशी येतो. ‘देव मनुष्य का झाला’ हा त्याचा संवादरूप ग्रंथ १०९८ मध्ये पूर्ण झाला. त्यापूर्वी अनेक शतके ख्रिस्ती उपदेशकांत एक समजूत होती की मनुष्य सैतानाच्या ताब्यात होता आणि ख्रिस्ताचा जीव ही सैतानास दिलेली खंडणी होती. चौथ्या शतकातच नाझियान्झच्या ग्रेगरीने या समजुतीस विरोध केला होता. लुटारूस अशी किंमत मिळावी हे लज्जास्पद, आणि पित्याने तर आपणांस कैदेत ठेवलेच नव्हते, मग किंमत त्याला तरी का द्यावी, असे त्याचे म्हणणे. आमच्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी एका धर्मपित्याने विचारलेला होता, हे आम्हांस त्या दिवशी आठवावयास हवे होते.

अन्सेल्मने सैतानाचा हक्क साफ नाकारला. पाप म्हणजे देवाला जे द्यावयाचे ते न देणे, आणि जे द्यावयाचे ते म्हणजे मनुष्याची संपूर्ण इच्छा. येथे देणे आहे, पण ते रकमेचे नाही. ते मानाचे व आज्ञापालनाचे आहे. सरंजामी युरोपात धन्याचा मान राखणे म्हणजे सर्व समाजाची घडी राखणे होते, त्या वातावरणातून हा दाखला आला. शिवाय देवाचा मान स्वतः कमी किंवा जास्त होत नाही, बिघडते ती सृष्टीची व्यवस्था, हेही अन्सेल्मने स्पष्ट केले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याच्या मते एक तर भरपाई व्हावी, नाही तर शिक्षा. ख्रिस्ताने केली ती भरपाई. ख्रिस्तास आपल्या बदली शिक्षा झाली, असे अन्सेल्म म्हणत नाही. ग्रंथाच्या अखेरीस तो दयेकडे येतो. पिता पाप्याला म्हणतो, माझा पुत्र घे आणि तुझ्यासाठी अर्पण कर, आणि पुत्र म्हणतो, मला घे. जो देणे देण्याचे साधन स्वतःच कर्जदाराच्या हाती ठेवतो, त्यास सावकार म्हणता येईल काय?

अन्सेल्मनंतर थोड्याच वर्षांत अबेलार्डने रोमकरांस पत्राच्या विवरणात वेगळी दिशा दाखविली. देवाने ख्रिस्तात आपल्यावर केलेली प्रीती आपल्या अंतःकरणात प्रीती चेतविते, आणि त्यातच आपली मुक्ती आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने या विचारांपैकी एकाचीच निवड केली नाही. ख्रिस्ताचे दुःखसहन पुण्यरूपाने, भरपाईरूपाने, यज्ञरूपाने आणि सोडवणुकीच्या रूपाने आपले तारण साधते, असे त्याने क्रमाने मांडले. मध्ययुगीन पश्चिमेने एकाच दाखल्यावर सारा भार टाकला नव्हता.

३. ‘ठरणे’ आणि ‘होणे’

धर्मसुधारणेच्या काळात प्रश्न बदलला. ख्रिस्ताने काय केले याबरोबरच ते आपल्यापर्यंत कसे पोहोचते हा वाद उभा राहिला. आपल्या मराठी शास्त्रात पौलाच्या शब्दासाठी ‘नीतिमान ठरणे’ असा प्रयोग आहे. ‘ठरणे’ हे न्यायालयाचे क्रियापद आहे. न्यायाधीशाने निर्दोष म्हटले की आरोपी निर्दोष ठरतो. लूथरच्या अनुयायांनी याच अर्थावर भर दिला. लॅटिन भाषेतील क्रियापदात मात्र ‘करणे’ हा अर्थ सामावलेला होता, आणि ऑगस्टीनपासून कॅथलिक परंपरा ‘नीतिमान होणे’ या अर्थाने शिकवीत आली होती. १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या परिषदेने जाहीर केले की नीतिमान ठरणे ही केवळ पापांची क्षमा नव्हे, तर अंतरीच्या मनुष्याचे पवित्रीकरण व नवीकरणही आहे.

मराठीत ‘ठरणे’ आणि ‘होणे’ ही क्रियापदे शेजारी शेजारी ठेवली की साडेचारशे वर्षांच्या वादाचा गाभा धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलासही कळू शकतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक मंडळी यांनी या विषयावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मूलभूत सत्यांबद्दल आमची एकवाक्यता आहे, आणि उरलेले भेद एकमेकांस धिक्कारण्याजोगे नाहीत, असा तिचा आशय. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि सुधारित मंडळ्या २०१७ मध्ये तीत सामील झाल्या. हैदराबादेसारख्या शहरात, जेथे कॅथलिक, चर्च ऑफ साउथ इंडिया, लूथरन, बॅप्टिस्ट व मेथडिस्ट एकाच रस्त्यावर भेटतात, तेथे ही घोषणा किती वर्गांत शिकविली गेली, हा प्रश्न आपण स्वतःस विचारावा.

कॅल्व्हिनवरही असाच अन्याय होतो. तो कायद्याचा विद्यार्थी होता, आणि ख्रिस्ताने आपल्यावरील न्यायदंड सोसला हे त्याने ठामपणे सांगितले. पण त्याच प्रकरणात, ऑगस्टीनचा आधार घेऊन, तो बजावतो की पुत्राच्या रक्तामुळे देव आपल्यावर प्रीती करू लागला असे नाही. जगाच्या उत्पत्तीपूर्वीच त्याने आपल्यावर प्रीती केली, आणि म्हणूनच पुत्र पाठविला. हे वाक्य गाळून उरलेले प्रकरण जो सांगतो, तो कॅल्व्हिन सांगत नाही.

४. आक्षेप

कर्जाच्या दाखल्यावरील सर्वांत तीक्ष्ण आक्षेप सोळाव्या शतकाच्या अखेरीस फाउस्टो सोझिनी याने घेतला. कर्ज फेडले गेले असेल तर ते माफ झाले नाही, आणि माफ झाले असेल तर ते फेडले गेले नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येत नाहीत. हैदराबादेतील उपदेशकास हा आक्षेप शेजारच्या मुसलमान बंधूकडूनही ऐकावयास मिळतो. एक दुसऱ्याचे ओझे वाहत नाही, अशी कुराणाची शिकवण आहे. परम दयाळू देव क्षमा करू इच्छितो, तर मोल कशाला, असे तो विचारतो. १६१७ मध्ये डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याने सोझिनीस उत्तर देताना एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली. पापाचा न्याय करताना देव धनको म्हणून वागत नाही, तो राज्यकर्ता म्हणून वागतो. सावकाराची गादी रिकामी केली गेली, हे चांगलेच झाले. पण तिच्या जागी दरारा राखण्यासाठी एकास शासन करणारा राजा आला, आणि वाड्यावर राबलेल्या माणसाला अशा राजाचेही विशेष कौतुक नसते.

विसाव्या शतकात स्वीडनच्या गुस्टाफ औलेनने या साऱ्या उपपत्तींची तीन गटांत विभागणी केली. त्याची व्याख्याने १९३० साली प्रसिद्ध झाली आणि पुढील वर्षी ‘क्रिस्तुस व्हिक्टर’ या नावाने इंग्रजीत आली. अन्सेल्मचा लॅटिन प्रकार व अबेलार्डचा आत्मनिष्ठ प्रकार यांच्या पलीकडे तिसरा, मूळचा असा एक प्रकार आहे, असे त्याने दाखविले. ख्रिस्तामध्ये देव स्वतः पाप, मरण व सैतान या सत्तांशी झुंजतो आणि विजयी होतो. इरेनियसपासून धर्मपित्यांनी हेच शिकविले आणि लूथरने ते पुन्हा उजेडात आणले, असे त्याचे म्हणणे.

हा ग्रंथ आजही वाचावा असा आहे, आणि आपल्या उपदेशास त्याचा मोठा उपयोग आहे. तरी आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, तीन कप्पे नीट जुळावेत म्हणून औलेनने माणसांना कापले आहे. अन्सेल्मच्या ग्रंथातील दया त्याने बाजूस ठेवली, आणि लूथरच्या लिखाणातील देवाच्या क्रोधाची व बदलीची वचनेही बाजूस ठेवली. वस्तुतः १५२० च्या आपल्या निबंधात लूथर ख्रिस्ताला वराची उपमा देतो. वधूचे सारे देणे तो आपल्या माथी घेतो आणि आपले सारे धन तिला देतो. तेथे देणेही आहे, विजयही आहे आणि प्रीतीही आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. औलेनच्या मांडणीत झुंजतो तो देव, आणि मनुष्य केवळ रणांगण होतो. अन्सेल्मचा आग्रह होता की मनुष्यजातीतूनच कोणी तरी उभे राहून देवास ‘होय’ म्हणावे. ज्यांना शतकानुशतके दुसऱ्यांनीच हलविले, त्या आमच्या लोकांसाठी हा आग्रह सोडून देण्याजोगा नाही.

५. रोखा कोणी फाडला?

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. तेलंगणात ज्यास भगेला म्हणत, आणि मराठवाड्यात जो रकमेपोटी सालोसाल राबत असे, त्याच्या बेडीचे नाव कर्ज होते. १९७६ मध्ये संसदेने वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा केला. त्या कायद्याने सरकारी तिजोरीतून सावकारांची फेड केली नाही. वेठीचे ते कर्जच नष्ट झाले, आणि ते फेडण्याचे बंधन संपले, असे त्याने जाहीर केले. कोणी कोणास मोल दिले नाही. रोखाच रद्द झाला.

कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल नेमका हाच दाखला घेतो. आपल्याविरुद्ध असलेला हस्तलिखित रोखा देवाने खोडला आणि वधस्तंभावर खिळून टाकला. आणि लगेच पुढच्याच वचनात तो म्हणतो की सत्ताधीशांना नि:शस्त्र करून त्याने त्यांच्यावर जयोत्सव केला. कर्जाचा दाखला आणि विजयाचा दाखला यांस औलेनने वेगळे केले, पण प्रेषिताने त्यांस एकाच श्वासात बांधले आहे. रोखा हाती धरून आपणांस धमकावणारे कोणी आहे, पण ते पित्याच्या गादीवर बसलेले नाही. रात्रंदिवस बंधुजनांवर दोष ठेवणारा असे प्रकटीकरण ज्यास म्हणते, ते ते आहे.

मग देवाला धनको मुळीच म्हणू नये काय? तसेही नाही, कारण प्रभूने स्वतः म्हटले आहे. लूकच्या सातव्या अध्यायात एक सावकार आहे आणि त्याचे दोन कर्जदार आहेत. पण त्या दोघांजवळ द्यावयास काही नाही असे पाहून तो दोघांचेही सोडून देतो. तिसरा कोणी येऊन फेडीत नाही. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण ऋणे सोडण्याचीच याचना करतो. असा सावकार नांदेडात कोणी पाहिला नाही, म्हणूनच तर ते शुभवर्तमान आहे.

येथे सोझिनीचे उत्तरही मिळते. ज्याने कधी कोणाचे देणे सोडले आहे, त्याला ठाऊक आहे की सोडलेली रक्कम हवेत विरत नाही. ती सोडणाऱ्याच्याच खात्यातून जाते. क्षमा फुकट मिळते, पण ती फुकट दिली जात नाही. देव ख्रिस्तामध्ये होता, असे पौल करिंथकरांस लिहितो. वधस्तंभ म्हणजे क्षमा करणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घेतलेली तूट. पिता घेणारा आणि पुत्र देणारा असे दोन पक्ष तेथे नाहीत. अन्सेल्मने ज्या गांभीर्यासाठी इतका अट्टाहास केला, ते गांभीर्य अशा रीतीने राहते, आणि पित्याचे मुखही झाकले जात नाही.

६. एक सावधगिरी

१९७२ च्या अखेरीस बँकॉक येथे ‘आजचे तारण’ या विषयावर जागतिक मिशन परिषद भरली, तेव्हापासून तारण म्हणजे अन्यायाच्या बंधनांतूनही सुटका, हा विचार आपल्याकडे सर्वमान्य झाला आहे. एम. एम. थॉमस यांनी १९७१ मध्ये तारण व मानवीकरण यांचा संबंध मांडला होता, आणि १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरविज्ञानाचा पाया घातला. या विचारवंतांचे ऋण आम्ही मानतो. तरी वाड्यावरची वेठ संपली म्हणजे तारण पुरे झाले, असे कोणी म्हणेल तर मत्तयाचा अठरावा अध्याय त्याच्या आड येतो. ज्याचे अगणित कर्ज सुटले, त्याच दासाने बाहेर पडताच आपल्या सोबत्याचा गळा धरला. आमच्या मंडळ्यांतही सावकारीतून सुटलेल्या घरांपैकी काही घरे आज गरीब बांधवांस जबर व्याजाने पैसे देतात. रोखा फाटला, पण सावकार मनात शिल्लक राहिला. त्यासाठी पापाविषयी बोलावेच लागते.

उलट बाजूही आहे. त्याच वृद्ध गृहस्थांनी एकदा सांगितले होते की, शहरात येऊन वीस वर्षे झाल्यावरही गावच्या मालकाच्या घरचे कोणी रस्त्यात दिसले, की त्यांचा हात आपोआप पायांतील वहाणा काढण्याकडे जाई. मुक्त ठरलेल्या मनुष्यास मुक्त व्हावयास वेळ लागतो. लूथर आणि ट्रेंट यांच्यापैकी बरोबर कोण, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही आता या वहाणांची गोष्ट सांगतो. मालकाचा हक्क त्यांच्यावर तिळमात्र उरला नव्हता, हे लूथर सांगतो. त्यांचा हात वहाणांकडे जाणे थांबावे हाही तारणाचाच भाग आहे, हे ट्रेंट सांगते आणि वेस्लीही सांगतो.

उपदेशक व धर्मशिक्षक बंधूंस आमची विनंती एवढीच. उत्तम शुक्रवारी कर्जाचा दाखला अवश्य घ्यावा, पण तो लूकच्या सावकारापासून सुरू करावा आणि कलस्सैच्या रोख्यापाशी संपवावा. ‘तारण’ हा शब्द उच्चारताना त्याबरोबर पैलतीराची खूण द्यावी. प्रायश्चित्त कोण करतो हे दर वेळी नाव घेऊन सांगावे. आणि उपदेश लिहून झाल्यावर तो अशा माणसाच्या कानांनी एकदा वाचावा, ज्याने खरोखर कर्ज काढले आहे.

ते वृद्ध गृहस्थ आता प्रभूमध्ये निद्रिस्त आहेत. त्यांच्या कबरेपाशी प्रार्थना आम्हीच केली. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्या हयातीत आम्हांस देता आले नाही. ‘बापच सावकार’ हे आमच्या तोंडून निघालेले नव्हते, पण आमच्याच उपदेशातून त्यांनी ते उचलले होते. दुसऱ्या कोणास ते उचलावे लागू नये, म्हणून हे लिहिले.